पावणेतीन शायर आणि बाकीचे

मुहंमद हुसेन आझाद यांच्या ‘आबे हयात’मध्ये (१८८०) मीर तकी मीर यांचा एक किस्सा येतो. मीर तेव्हा लखनौला होते. कोणीतरी त्यांना विचारले, हजरत, सध्या शायर म्हणावेत असे कोण कोण आहेत? मीर म्हणाले, एक सौदा आणि दुसरा हा खाकसार. थोडा विचार करून त्यांनी ख्वाजा मीर दर्द यांना अर्धे धरले. विचारणाऱ्याने मीर सोज यांचे नाव काढताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. सोजही शायर आहेत का? ते नवाब आसफुद्दौलांचे उस्ताद आहेत, असे कळल्यावर मीर म्हणाले, मग पाव त्यांचा धरू. एकूण पावणेतीन.

आझादांचे किस्से रंगतदार असतात आणि संशोधकांनी त्यांतले बरेच तपासून बाजूला ठेवले आहेत. सौदांचे निधन १७८१ चे आणि मीर लखनौला पोचले १७८२ मध्ये, एवढे पाहिले तरी हा किस्सा लंगडतो. पण तो टिकून राहिला, सव्वाशेहून अधिक वर्षे मैफलींत सांगितला गेला, याचे कारण त्यातला शेवटचा पाव आहे. पहिल्या अडीच शायरांची मोजणी गुणांवर झाली. उरलेला पाव नवाबांच्या दरबारातून आला. दारावर बसलेला माणूस कितीही करडा असो, एक चोरखिडकी तो उघडी ठेवतो आणि ती बहुधा सत्तेच्या बाजूला उघडते, हे ऐकणाऱ्याला बरोबर कळते.

मैफलीत कोणाला बोलू द्यावे आणि कोणाला थांबवावे, हा प्रश्न साहित्याइतकाच जुना आहे. थांबवण्याची गरज खरी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. ज्या सभेत वाटेल त्याने वाटेल तेवढे बोलावे, तिथून जाणते श्रोते आधी उठून जातात. मग चांगले बोलणारे जातात आणि शेवटी ज्यांना फक्त बोलायचे आहे तेवढे उरतात. बोलणाऱ्याला काहीच खर्च नसतो. सगळा खर्च ऐकणाऱ्याच्या वेळेतून आणि विश्वासातून वसूल होतो. केरकचरा वाढतो तो असा. म्हणून दार हवे. वाद आहे तो दारावर कोणता प्रश्न विचारायचा याचा. तू कोण, कोणाचा, कुठला, हा एक प्रश्न झाला. तू काय आणले आहेस आणि कुठून आणलेस, हा दुसरा. या दोन प्रश्नांमधले अंतर आमच्या परंपरेने कसे चालले, कुठे ती भरकटली आणि त्यातून आज आपण काय घ्यावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

दिल्लीचे दार

मीर यांचा ‘निकातुश्शुअरा’ हा तजकिरा १७५२ मधला. रेख्त्याच्या, म्हणजे आपण आज उर्दू म्हणतो त्या भाषेच्या, कवींची ही अगदी सुरुवातीच्या काळातली नोंदवही. लिहिली मात्र फार्सीत. त्या वेळी मीर तिशीच्या आत-बाहेर होते. दर महिन्याच्या पंधरा तारखेला रेख्त्याची मैफल भरे. ती आधी मीर दर्द यांच्याकडे होत असे, पुढे मीर यांच्या घरी होऊ लागली. मैफल ज्याच्या घरी आणि नोंदवही ज्याच्या हाती, असा हा माणूस होता. शंभराच्या आसपास कवी त्यात आहेत. कोणाची स्तुती आहे, कोणाला दोन ओळींत उडवून लावले आहे, तर कोणाचा शेर देऊन हा शब्द इथे असा असता तर बरे झाले असते, अशी दुरुस्तीही सुचवली आहे.

या ग्रंथाकडे आम्ही आदरानेच पाहतो. त्याच्या शेवटी मीर यांनी रेख्त्याचे प्रकार सांगितले आहेत. फार्सीचे मिश्रण कुठवर चालेल आणि कुठे ते कानाला खुपेल, याची चर्चा केली आहे. ती आजही वाचण्यासारखी आहे. समीक्षकाने आपले निकष असे उघड मांडले, म्हणजे त्याच्याशी भांडता येते. अडचण येते ती दुसरीकडे. दक्षिणेतल्या कवींविषयी मीर यांचे म्हणणे थोडक्यात असे, की रेख्ता दक्षिणेतून आली हे खरे; पण तिथे नीट सांधून बोलणारा एकही कवी झाला नाही, म्हणून त्यांच्या नावांनी आरंभ केलेला नाही. त्यांची काही नावे पुढे येतात, तीही बरीचशी सय्यद अब्दुल वली ‘उजलत’ यांच्या वहीतून उतरवलेली. म्हणजे दक्षिणेचा निकाल दिल्लीत बसून आणि दुसऱ्याच्या वहीवरून लागला.

वली हे औरंगाबादच्या मातीतले, हे मीर स्वतःच नोंदवतात. दिल्लीच्या फार्सीत लिहिणाऱ्या मंडळींना आपल्या बोलीत गझल लिहिता येते, याचा धडा वलींच्या दिवाणाने दिला. अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात तो दिवाण दिल्लीत पोचला आणि तिथली हवा बदलली. ज्या प्रदेशाने दार बांधून दिले, त्याच प्रदेशाच्या लोकांना तीस-पस्तीस वर्षांत दाराबाहेर उभे राहावे लागले. इथे मीर यांनी दुसरा प्रश्न सोडला आणि पहिला धरला. शेर काय आहे हे पाहण्याआधी तो कुठल्या गावचा आहे हे पाहिले.

व्यक्तीच्या बाबतीतही असेच झाले. इनामुल्ला खान ‘यकीन’ हे त्या काळचे लोकप्रिय तरुण कवी. त्यांच्याविषयी मीर यांनी लिहिताना त्यांचे उस्ताद मिर्झा मजहर जानेजानां त्यांना शेर लिहून देतात, ही कुजबुज नोंदवली. शेरातला दोष दाखवणे हे समीक्षकाचे काम आहे. शेर त्याचा नसेलच, असे सुचवणे हा आरोप आहे आणि आरोपाला पुरावा लागतो. कुजबूज नोंदवहीत गेली, की ती इतिहास होऊन बसते.

औरंगाबादचे उत्तर

दाराबाहेर राहिलेल्यांनी काय केले, हा भाग आम्हांला जास्त मोलाचा वाटतो. दिल्लीतच फतेह अली गर्देजी यांनी लगोलग दुसरा तजकिरा लिहिला आणि मीर यांच्या कठोरपणाला उत्तर दिले. ज्या वर्षी ‘निकातुश्शुअरा’ पुरा झाला, त्याच वर्षी औरंगाबादेत ख्वाजा खान ‘हमीद’ यांचा ‘गुलशने गुफ्तार’ तयार झाला होता. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचे कारण नाही. पण दक्षिणेतही नोंदवह्या होत्या, निवड होती, जाण होती, एवढे त्यावरून सिद्ध होते.

नंतर आला ‘चमनिस्ताने शुअरा’, १७६१-६२ च्या सुमाराचा. त्याचा कर्ता लछमीनारायण ‘शफीक’. औरंगाबादचा खत्री मुलगा, वय सतरा-अठरा. गुरू मीर गुलाम अली ‘आझाद’ बिलग्रामी, ज्यांची कबर आज खुलताबादला आहे. हा हिंदू मुलगा मुसलमान उस्तादाकडे फार्सी शिकला आणि दिल्लीच्या सर्वांत मोठ्या शायराला त्याच्याच भाषेत, त्याच्याच साहित्यप्रकारात उत्तर देऊन मोकळा झाला. यकीन यांच्यावर झालेल्या अन्यायाने तो विशेष चिडलेला आहे. मीर यांच्यावर त्याने केलेली टीका कधीकधी वयाला शोभेल इतकी तिखट होते. पण त्याची वही मीर यांच्या वहीहून कितीतरी मोठी आहे, आणि दक्षिणेतल्या अनेक कवींची ओळख पुढच्या अभ्यासकांना अशाच वह्यांमुळे झाली.

शफीकचे उदाहरण आम्ही दोन कारणांसाठी देतो. पहिले असे, की नाकारलेल्यांनी तक्रारअर्ज करण्याऐवजी काम केले. दिल्लीने आम्हांला घ्यावे, अशी याचना त्याने केली नाही आणि दिल्लीचे सगळे टाकाऊ, असेही म्हटले नाही. मीर यांनी कोणते शेर सोडले, ते त्याने पुढे आणून ठेवले. दुसरे कारण थोडे अवघड आहे. मोठी वही म्हणजे चांगली वही नव्हे. ‘चमनिस्तान’मध्ये आज कोणी वाचणार नाही असेही पुष्कळ आहे. दार मोठे केले, की केर आत येतोच. तो खर्च शफीकने पत्करला, म्हणून दक्षिणेच्या कवींचे कितीतरी शेर हाती लागले. मीर यांनी तो पत्करला नाही, म्हणून त्यांची वही देखणी राहिली. प्रत्येक संपादकाला या दोहोंपैकी एका बाजूला थोडे तरी झुकावे लागते. आपण कुठे झुकतो आहोत, हे त्याला ठाऊक असावे, एवढीच अपेक्षा.

स्त्रियांच्या बाबतीत तर बहुतेक वह्या अपुऱ्याच होत्या. हैदराबादच्या माहलका बाई ‘चंदा’ यांचा दिवाण अठराव्या शतकाच्या अखेरीस तयार झाला. उर्दूत दिवाण असलेल्या पहिल्या स्त्री म्हणून त्यांचेच नाव बरीच वर्षे घेतले जाई. पुढे लुत्फुन्निसा ‘इम्तियाज’ यांचा त्याआधीचा दिवाण अभ्यासकांसमोर आला. दोघीही दक्षिणेतल्या. फक्त कवयित्रींसाठीचा हकीम फसीहुद्दीन ‘रंज’ यांचा ‘बहारिस्ताने नाज’ निघायला १८६४ साल उजाडावे लागले. ज्यांना मैफलीत येऊन शेर वाचण्याची मुभाच नव्हती, त्यांचा शेर कमी प्रतीचा म्हणून गळला, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

मिसरा आणि इस्लाह

तजकिऱ्यांचे दार असे माणसावर अडखळत असताना, मुशायऱ्याने मात्र एक फार शहाणी युक्ती काढली होती. ती म्हणजे तरही मिसरा. मुशायऱ्याआधी एक ओळ जाहीर करायची. वृत्त ठरले, काफिया-रदीफ ठरले. ज्याला वाचायचे आहे त्याने त्याच जमिनीत नवी गझल बांधून आणायची. ओळ सगळ्यांना सारखी. नवाबालाही तीच आणि विणकऱ्यालाही तीच. या एका अटीमुळे जुन्या गझला पुन्हापुन्हा ऐकवणारे, दुसऱ्याचे शेर आपले म्हणून खपवणारे आणि उगाच हात वर करणारे आपोआप गळत. घराणे विचारावे लागत नसे. येण्याची किंमत मेहनतीत घेतली जाई आणि ती सगळ्यांना परवडणारी होती.

शिवाय क्रम होता. नवखे आधी वाचत, उस्ताद शेवटी. शमा फिरत फिरत शेवटी उस्तादांसमोर जाई, ते चित्र फरहतुल्ला बेग यांनी ‘दिल्ली की आखरी शमा’त कल्पनेने रंगवले आहे. या क्रमाकडे आपण केवळ मानपानाची रीत म्हणून पाहतो, पण त्यात व्यवहारही होता. नवख्याला थोडा वेळ द्यायचा, श्रोत्यांनी त्याला पारखायचे, आणि पुढच्या खेपेला तो एक पायरी वर यायचा. विश्वास हप्त्याहप्त्याने मिळत होता. पहिल्याच दिवशी सगळे दार उघडे नाही, आणि कोणालाही ते कायमचे बंद नाही.

दुसरी रीत इस्लाहची. दाग देहलवी हैदराबादला असताना त्यांच्याकडे देशभरातून टपालाने गझला येत आणि दुरुस्त होऊन परत जात. तरुण इक्बाल यांनीही त्यांना गझला पाठवल्या होत्या, आणि आता दुरुस्तीची फारशी गरज उरलेली नाही, असे दाग यांनी लवकरच कळवले. इस्लाहमध्ये नकार असतो, पण नुसता नकार नसतो. हा शब्द का नको आणि त्याजागी कोणता चालेल, हे लिहून परत येते. अर्थात या रीतीलाही कीड लागली. अमक्याचा शागिर्द हीच पुढे ओळख झाली, उस्तादाचे नाव शिक्क्यासारखे वापरले जाऊ लागले, आणि शेराआधी सिलसिला विचारला जाऊ लागला. आजच्या मोठ्या व्यासपीठांवरचे मुशायरे पाहा. तरही मिसरा बहुतेक ठिकाणांहून गेला. त्याची जागा गळ्याने, टाळीच्या घोषणांनी आणि निजामत करणाऱ्याच्या ओळखीने घेतली. मेहनतीची अट काढली आणि ओळखीची अट ठेवली, तर केर वाढणारच.

रावी आणि रिवायत

दारावर कोणता प्रश्न विचारावा, याचा सर्वांत बारकाईने विचार आमच्या मते मुहद्दिसांनी केला. इथे आम्ही धर्मचर्चा करत नाही. एक टीकापद्धती म्हणून तिच्याकडे पाहतो आहोत. बनावट रिवायतींचा सुळसुळाट झाला, तेव्हा त्यांनी सांगणाऱ्याला विचारले, कोणाकडून ऐकलेस? तो कोणाकडून ऐकला? दोघांची भेट होणे शक्य होते का? या चौकशीतून रावींच्या चरित्रांचे एक अख्खे शास्त्र उभे राहिले.

या शास्त्रातल्या तीन गोष्टी साहित्याच्या संपादकाने शिकाव्यात. एक, त्यांनी सचोटी आणि स्मरणशक्ती वेगळ्या मोजल्या. माणूस नेक आहे, नमाजी आहे, म्हणून त्याची आठवण पक्की असेलच असे नाही. त्याचे सांगणे सोडावे लागले तरी त्याची नेकी शाबूत राहते. आपल्याकडे कविता नाकारली की कवीचा अपमान झाला, असे समजतात. हा गोंधळ त्यांनी हजार वर्षांपूर्वी सोडवला होता. दोन, त्यांनी हो आणि नाही एवढ्या दोनच पेट्या ठेवल्या नाहीत. इब्ने हजर यांनी रावींचे बारा दर्जे मांडले. जे उघड बनावट, तेही फेकून न देता इब्नुल जौजी यांच्यासारख्यांनी वेगळ्या ग्रंथात गोळा केले, म्हणजे पुन्हा समोर आले तर ओळखता यावे. तीन, पंथ आणि खरेपणा यांची गल्लत त्यांनी निदान काही ठिकाणी टाळली. इम्रान बिन हित्तान हा खारिजी कवी. त्याच्या मतांशी इमाम बुखारी सहमत असण्याचा प्रश्नच नाही. तरी त्याची रिवायत ‘सहीह’मध्ये आहे, कारण सांगण्यात तो खरा मानला गेला.

आणि स्त्रिया? करीमा मरवजिया पाचव्या हिजरी शतकात मक्केत ‘सहीह बुखारी’ शिकवत होत्या आणि खतीब बगदादींसारखे विद्वान त्यांच्याकडून ऐकत होते. रावींचे दोष निर्दयपणे नोंदवणारे जहबी लिहून गेले आहेत, की खोटेपणाचा आरोप असलेली किंवा टाकून दिलेली एकही स्त्री रावी आपल्या पाहण्यात नाही. हे वाचले, की नंतरच्या मैफलींनी आणि तजकिऱ्यांनी स्त्रियांना दाराबाहेर ठेवण्यासाठी परंपरेचे नाव घ्यावे, याचे आश्चर्य वाटते.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. मतभेदांचे डाग त्यात उमटले, समकालीनांची एकमेकांविषयीची मते कधी मत्सरातून आली. पण त्याचाही विचार त्यांनीच केला, आणि समकालीन प्रतिस्पर्ध्याची टीका जपून घ्यावी, असा नियम बांधला. मीर यांनी यकीन यांच्याविषयी लिहिताना हा नियम आठवला असता, तर एक कुजबूज इतिहासात कमी गेली असती.

मराठीतले दरवाजे

मराठीत हा प्रश्न तुकोबांच्या वह्यांपर्यंत मागे नेता येतो. अभंग कसा आहे याची चर्चा होण्याआधी तो कोणत्या जातीच्या माणसाने रचला, यावरून वह्या इंद्रायणीत गेल्या, असे परंपरा सांगते. आधुनिक काळात ‘सत्यकथा’ हे दार होते. त्या दाराने मराठीला फार चांगले साहित्य दिले, काटेकोर संपादनाची शिस्त दिली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली, तीही उगाच नव्हती. निवडीचे निकष कधी उघड मांडले गेले नाहीत, आणि एका वर्गाची अभिरुची हीच साहित्याची अभिरुची मानली गेली, असे त्या मुलांचे म्हणणे होते. लघुनियतकालिकांनी आपली दारे उघडली. त्यांतून पुष्कळ केर आला, कित्येक अंक दोन-चार खेपांत बंद पडले. पण नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) त्याच हवेत जन्मला.

‘गोलपिठा’ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. या कवितांतल्या कित्येक शब्दांचे अर्थ आपल्याला ठाऊक नव्हते, ते कवीकडून समजून घेतले, हे तेंडुलकरांनी तिथे सांगितले आहे. आम्हांला ही प्रस्तावना आदर्श जामीनपत्र वाटते. प्रस्थापित लेखक नवख्याच्या शेजारी उभा राहिला, त्याच्या भाषेला हात लावला नाही, आणि हे मला कळत नव्हते ते मी विचारून घेतले, असे वाचकाला सांगितले. न कळणे हा लिहिणाऱ्याचा दोष असेलच असे नाही. वाचणाऱ्याचे अज्ञानही असू शकते, हे दारावरच्या माणसाने मान्य करणे फार दुर्मीळ आहे.

दुसरे उदाहरण सुरेश भटांचे. मराठी गझल लिहू पाहणाऱ्यांची रीघ लागली, तेव्हा त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. वृत्त कसे सांभाळायचे, काफिया-रदीफ म्हणजे काय, शेर स्वतंत्र कसा हवा, हे नियम ज्याला हवे त्याच्या हाती दिले. नवख्यांच्या पत्रांना ते उत्तरे देत, गझला तपासून देत. दाराची किल्ली त्यांनी अशी वाटून टाकली. यामुळे वाईट गझला लिहिल्या जायच्या थांबल्या का? मुळीच नाही. बाराखडी पाठ करून निर्जीव गझला पाडणाऱ्यांचे पीकही त्याच मोसमात आले. पण कोणाची गझल का परत आली, हे त्याला स्वतःला तपासून पाहता येऊ लागले. नकार देणाऱ्याची मर्जी आणि नकाराचे कारण, या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या.

फक्त पाच जणांना

हा प्रश्न केवळ कवितेचा असता, तर एवढ्या तळमळीने लिहिण्याचे कारण नव्हते. आज प्रत्येकाच्या खिशात मुशायरा आहे आणि त्याला ना मिसरा आहे, ना निजामत. गालिब यांनी कधी न लिहिलेले शेर त्यांच्या नावावर रोज फिरतात. इक्बाल यांचीही तीच गत. त्याने फार तर अभिरुची बिघडते. पण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकले. भिक्षा मागत फिरणारी ही माणसे मंगळवेढ्याकडची. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरली होती. त्या पाच जणांना आपण कोण हे सांगायचे होते. त्यांचे ऐकून घेतले गेले नाही. अफवेला मात्र कोणी विचारले नाही, की तू कोणाकडून आलीस?

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. पुढे २०२० मध्ये, अनेकदा फिरून आलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असे केले. मर्यादेने वेग कमी होतो, हे खरे आणि ते आवश्यकही होते. पण मोजणी खरे-खोटे पाहत नाही. पाच जणांना पाठवलेले खोटे हे खोटेच असते. कोणाकडून ऐकलेस, हा प्रश्न यंत्र विचारणार नाही. तो माणसानेच विचारायला हवा. ज्या समाजाच्या ज्ञानपरंपरेचा पाया या एका प्रश्नावर रचला गेला, त्या समाजातल्या माणसानेही निरोप आला की पुढे ढकलावा, ही शोकांतिका आहे. आणि अफवा कोणाविरुद्ध फिरते तेव्हा काय होते, हे आपल्याला बाहेरच्या कोणी सांगावे, अशी स्थिती नाही.

आपले दार

आता आपल्याकडे वळू. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. ते शफीकच्या वहीसारखेच होते. ज्या मैफलीत आपले नाव नव्हते, तिच्या दारावर ताटकळत न राहता आपली मैफल उभी केली. त्यातून लिहिते हात पुढे आले, मुसलमान घरांतली मराठी कागदावर आली, हे मोठे काम झाले. पण आपली मैफल झाली, म्हणजे दाराचा प्रश्न सुटला असे होत नाही. आता दारावर आपण आहोत.

दोन मोह आपल्याला सतत घेरतात, असे आमचे निरीक्षण आहे. पहिला मोह, आपला माणूस आहे, घ्या. कविता कच्ची आहे, लेख कुठून कुठून उतरवलेला आहे, पण लिहिणारे आधीच थोडे, त्यांना कशाला दुखवायचे? ही दया वरवर गोड वाटते. खरे तर ती लेखकाचा अपमान करते, कारण तुझ्याकडून याहून चांगल्याची अपेक्षाच नाही, असे ती त्याला सांगते. आणि मैफल सोडून जाणारा वाचक कधी सांगून जात नाही. दुसरा मोह याच्या अगदी उलटा. बाहेरच्यांनी नावे ठेवू नयेत म्हणून आपणच प्रमाण मराठीचे पहारेकरी होतो. कोकणातल्या मुसलमान आजीची बोली, मराठवाड्यातल्या घरात दखनीशी मिसळलेली मराठी, यंत्रमागाच्या खोलीतले शब्द, हे सगळे अशुद्ध म्हणून लाल शाईखाली जाते. दिल्लीने वलींच्या वारसांना जे केले, तेच आपण आपल्या लोकांना करतो. चूक आणि बोली यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने तेंडुलकरांप्रमाणे आधी अर्थ विचारून घ्यावा.

आमची सूचना साधी आहे आणि ती करायला पैसे लागत नाहीत. अंकाचे वा संमेलनाचे निकष छापून द्यावेत, म्हणजे लिहिणाऱ्याला आधीच कळेल. नवख्याला थोडी जागा पहिल्याच खेपेला द्यावी आणि पुढची जागा त्याच्या कामावर वाढवावी. संमेलनाच्या कविसत्रात निदान एक फेरी तरही ठेवावी. ओळखीने आलेल्यांची आणि मेहनतीने आलेल्यांची पारख एका संध्याकाळीत होईल. परत पाठवताना कारण लिहावे, दोन ओळींचे का होईना. लेखात माहिती असेल, तर ती कुठून आली हे विचारावे, मग लेखक कितीही मोठा असो. आणि मोठा आहे, अध्यक्षांचा ओळखीचा आहे, देणगीदाराचा भाचा आहे, म्हणून द्यायचा तो पाव हिस्सा बंद करावा.

मीर फार मोठे शायर होते. त्यांच्या दिवाणांपुढे त्यांची नोंदवही लहान ठरते, आणि तिच्यातल्या चुका आज आपण मोजू शकतो त्या औरंगाबादच्या एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने लिहून ठेवल्या म्हणून. आपल्या अंकांतून, संमेलनांतून आज जे परत जात आहेत, त्यांच्यात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. ती आपली वही लिहीलच. तिच्यात आपल्याविषयी काय लिहिले जावे, हे ठरवायची संधी अजून आपल्या हातात आहे.